एकाच रुग्णाभोवती: आरोग्य क्षेत्रातल्या वेगवेगळ्या लोकांचं एकत्र प्रशिक्षण कसं घ्यावं

मिरजेला वैद्यकपंढरी म्हणतात ते उगाच नाही. 1894 मध्ये डॉ. विल्यम वानलेस यांनी इथं रुग्णालय सुरू केलं. 1962 पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. सांगली-मिरजेत आज नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी, आयुर्वेद, दंतवैद्यक असं सगळं शिकायला मिळतं. कराडला तर वैद्यकीय, दंत, नर्सिंग, फिजिओथेरपी आणि फार्मसीची कॉलेजं एकाच आवारात आहेत. पण या मुलांचे वर्ग वेगळे, हॉस्टेल वेगळं, परीक्षा वेगळ्या आणि गॅदरिंगसुद्धा वेगळं. एमबीबीएसचा मुलगा आणि नर्सिंगची मुलगी एकमेकांशी कामाचं पहिलं वाक्य बोलतात ते इंटर्नशिपमध्ये, नाइट ड्युटीला, पेशंट गंभीर झाल्यावर. ओळख करून घ्यायला याहून वाईट वेळ नाही.

दोष मुलांचा नाही, शिक्षणाच्या रचनेचा आहे. डॉक्टरांसाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आहे. फिजिओथेरपिस्ट, लॅब टेक्निशियन वगैरेंसाठी 2021 चा स्वतंत्र कायदा आहे, नर्सिंगसाठी 2023 चा. फार्मसीचं नियमन आणखी तिसरीकडे. प्रत्येक जण आपापला अभ्यासक्रम बनवतो आणि शेजारच्याचं काम त्यात आपोआप येत नाही. ते मुद्दाम आणावं लागतं.

ते कसं आणायचं, याबद्दल हा लेख आहे. सांगली-सातारा भागातल्या कॉलेजांतले शिक्षक, ग्रामीण रुग्णालयांचे अधीक्षक, मेट्रन, तालुका आरोग्य अधिकारी आणि प्रशिक्षणाची जबाबदारी अंगावर पडलेले सगळे माझ्यासमोर आहेत.

एक गोष्ट आधीच सांगते. सगळ्यांना एका हॉलमध्ये बसवून भाषण ऐकवलं म्हणजे एकत्र प्रशिक्षण झालं, असं होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2010 च्या आराखड्यात याची व्याख्या दिली आहे: दोन किंवा अधिक व्यवसायांतल्या लोकांनी एकमेकांविषयी, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकणं. भाषणात यातलं फक्त ‘सोबत’ घडतं, तेही खुर्च्यांपुरतं. स्वीडनमध्ये लिंकोपिंगला 1986 पासून हे शिक्षण नियमित चालतं. तिथं पुढे विद्यार्थ्यांच्या गटांनी देखरेखीखाली चालवायचा वॉर्डच सुरू झाला. आपल्याला एकदम तिथपर्यंत जायची गरज नाही. एक चांगलं सत्र नीट घेता आलं तरी सुरुवात होते.

आधी प्रश्न निवडा, विषय नंतर

‘टीमवर्क’ हा प्रशिक्षणाचा विषय होऊ शकत नाही. ‘संवादकौशल्य’सुद्धा नाही. असं बॅनर लावलं की लोक वही मिटून बसतात. एखादा असा रुग्ण निवडा की ज्याच्या बाबतीत कुणा एकाचं ज्ञान पुरणार नाही. मधुमेहाची पायाची जखम, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव, अर्धांगवायू होऊन घरी गेलेला माणूस, औषधं मध्येच सोडणारा क्षयरुग्ण, असे कितीतरी आहेत. पुरानंतरचा तापही घेता येईल. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं 57 फुटांची पातळी ओलांडली, तेव्हा चिखलातून चालणाऱ्या माणसांच्या तापाचं काय करायचं हे आशाताईपासून फिजिशियनपर्यंत सगळ्यांना एकाच वेळी ठरवावं लागलं होतं.

मी सर्पदंश सुचवते. शिराळा, वारणाकाठ, चांदोलीकडचा डोंगराळ भाग, तासगावच्या बागा, उसाची शेती पाहता हा आपल्या घरचा विषय आहे. यात मिनिटांना किंमत आहे, साखळीत माणसं पुष्कळ आहेत आणि एक कडी सुटली तर काय होतं ते लगेच दिसतं. पुढची उदाहरणं याचीच देते.

कुणाला बोलवायचं

निवडलेला रुग्ण बरा व्हायला ज्याचा ज्याचा हात लागतो त्याला बोलवा. सर्पदंशासाठी आशाताई, आरोग्य सेविका, समुदाय आरोग्य अधिकारी, वैद्यकीय अधिकारी, कॅज्युअल्टीची सिस्टर, लॅब टेक्निशियन, फार्मासिस्ट, फिजिओथेरपिस्ट आणि 108 रुग्णवाहिकेचे डॉक्टर व चालक. वॉर्डातल्या मामा-मावशींना विसरू नका. स्ट्रेचर कुठं आहे आणि ऑक्सिजन सिलिंडरची चावी कुणाकडे असते हे बहुतेक वेळा त्यांनाच माहीत असतं. कॉलेजात घेत असाल तर प्रत्येक शाखेचे विद्यार्थी घ्या, पण साधारण एकाच टप्प्यावरचे. शेवटच्या वर्षाचा एमबीबीएस आणि पहिल्या वर्षाची नर्सिंग अशी जोडी लावली तर नर्सिंगची मुलगी दिवसभर तोंड उघडणार नाही.

गट सहा ते आठ जणांचा असावा. त्यात एकाच व्यवसायाचे दोनपेक्षा जास्त नकोत. पाच डॉक्टर आणि एक सिस्टर असा गट झाला तर ती सिस्टर चहाची व्यवस्था बघत बसते. हे मी फार ठिकाणी पाहिलंय.

आयोजकांची टोळीही मिश्र हवी. मेडिकल कॉलेजनं ठरवायचं आणि नर्सिंग कॉलेजला पत्र पाठवायचं, अशी सुरुवात झाली तर पुढचं सगळं त्याच वळणावर जातं. पहिल्या बैठकीपासून किमान तीन व्यवसायांतली माणसं टेबलावर असू द्या. बैठक आलटून पालटून वेगवेगळ्या कॉलेजात घ्या.

वेळापत्रक हा खरा घाम काढणारा भाग आहे. नर्सिंगच्या मुलींच्या क्लिनिकल पोस्टिंगच्या वेळा, फार्मसीची प्रॅक्टिकल्स, एमबीबीएसची लेक्चर्स यांचा मेळ सहजासहजी बसत नाही. शैक्षणिक सत्र सुरू होण्याच्या चार-पाच महिने आधी, कॉलेजचं टाइमटेबल छापलं जाण्यापूर्वी, प्राचार्यांकडून दुपारचे तीन तास राखून घ्या. सेवेतल्या लोकांसाठी शिफ्ट बदलण्याची वेळ टाळा. आशाताईंचा मोबदला कामावर अवलंबून असतो. एक दिवस प्रशिक्षणाला आल्या तर त्यांचं नुकसान होतं. प्रवासखर्च आणि दिवसाचा भत्ता आधी मंजूर करून घ्या, मगच निरोप पाठवा.

सुलभकांची जोडी

प्रत्येक गटाला दोन सुलभक, म्हणजे गटाची चर्चा पुढे नेणारी माणसं, दोन वेगळ्या व्यवसायांतली. फिजिशियन आणि नर्सिंग ट्यूटर, किंवा फार्मसीचे प्राध्यापक आणि पीएसएम (प्रतिबंधक व सामाजिक वैद्यक) विभागातले डॉक्टर. हे दोघं एकमेकांशी कसं बोलतात हाच अर्धा धडा असतो. एकानं दुसऱ्याचं वाक्य तोडलं की गटानं ते टिपलंच म्हणून समजा.

त्यांच्यासोबत आधी अर्धा दिवस बसा. चांगला शिक्षक प्रश्न आला की उत्तर देतो, ती त्याची सवयच असते. इथं त्याला ती आवरायला सांगायचं आहे. एखाद्यानं विचारलं, “सर, एएसव्ही (सापाच्या विषावरचं औषध) किती द्यायचं?” तर उत्तर न देता गटाकडे बघायचं: “आपल्यापैकी याबद्दल कुणाला काय माहीत आहे?” शांतता पसरली तरी चालेल. मनात दहापर्यंत मोजा. बहुतेक वेळा फार्मासिस्ट किंवा सिस्टर बोलते.

पहिला तास: एकमेकांचं काम

ओळख करून देताना पदवी आणि पद नको. प्रत्येकानं दोनच गोष्टी सांगायच्या. माझ्या कामातलं असं काय आहे जे तुम्हाला दिसत नाही? आणि तुमच्याकडून मला काय वेळेवर मिळालं तर माझं काम सोपं होईल?

यातून बाहेर येणाऱ्या गोष्टी साध्या असतात आणि बहुतेकांना नवीन असतात. लॅबवाला सांगतो, नमुन्यावर वेळ लिहिलेली नसली की मला रिपोर्टचा अर्थ लावता येत नाही. फार्मासिस्ट सांगते, पावडरची एएसव्ही थंड, कोरड्या जागी खोलीच्या तापमानालाही टिकते, पण द्रव स्वरूपातली फ्रिजमध्येच ठेवावी लागते. कोणती आली आहे हे न बघता कपाटात ठेवलं तर ती गेलीच. आशाताई सांगतात, पेशंटला दवाखान्यात आणण्याआधी घरच्यांना देवऋषीकडे जाण्यापासून थांबवण्यात माझा अर्धा तास जातो आणि दवाखान्यात कुणी मला विचारतही नाही की काय झालं.

हे सगळं मोठ्या कागदावर लिहून भिंतीला लावा. दिवसभर ते तिथंच राहू द्या.

केस: थोडी थोडी उलगडत न्या

पूर्ण केस एकदम हातात देऊ नका. चार-पाच टप्प्यांत द्या आणि प्रत्येक टप्प्याला विचारा, “आता कोण काय करेल?” मी वापरते ती केस अशी.

पावसाळ्याचे दिवस. वारणाकाठचं गाव. 28 वर्षांची शेतमजूर बाई, जमिनीवर सतरंजी टाकून झोपलेली. पहाटे चारला पोटात दुखून उठते, दोनदा उलटी होते. घरचे म्हणतात, शिळं काहीतरी खाल्लं असेल. सहाला आशाताई येतात. बाईला डोळे नीट उघडता येत नाहीत.

इथं थांबा. चावल्याची खूण नाही, सूज नाही, साप कुणी पाहिलेला नाही. एमबीबीएसची मुलं बऱ्याचदा गॅस्ट्रोच्या वाटेनं निघतात. ‘जमिनीवर झोपलेली होती’ या तीन शब्दांचं मोल आशाताई किंवा आरोग्य सेविकेला आधी कळतं, कारण त्यांनी ते घर पाहिलेलं असतं. मण्यार रात्री झोपलेल्या माणसाला चावतो, वेदना फार होत नाही, खूण शोधूनही सापडत नाही. आधी पोटदुखी आणि मग खाली येणाऱ्या पापण्या, ही त्याची ओळख आहे.

दुसरा टप्पा: ग्रामीण रुग्णालय. लॅब टेक्निशियन रक्ताची वीस मिनिटांची चाचणी करतो. साधारण दोन मिली ताजं रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं, मग एकदाच तिरकं करून बघायचं. या केसमध्ये रक्त गोठलेलं आहे. आता गटाला विचारा, “म्हणजे विष नाही?”

इथं मोठा वाद होतो आणि तो होऊ द्यावा. घोणस किंवा फुरसे चावलं तर रक्त गोठण्यावर परिणाम होतो. मण्यारचं विष नसांवर काम करतं, त्यामुळे ही चाचणी नॉर्मलच येणार. लॅबचा कागद बरोबर आहे आणि तरीही त्यावरून काढलेला निष्कर्ष जीवघेणा ठरू शकतो. चाचणी करणारा, रिपोर्ट वाचणारा आणि पहाटेची हकीकत माहीत असणारी, हे तिघं एका ठिकाणी बोलले तरच उत्तर मिळतं. काचेऐवजी प्लॅस्टिकची नळी किंवा डिटर्जंटनं धुतलेली नळी वापरली तर चाचणीच चुकते, हेही लॅबवाल्याच्या तोंडून येऊ द्या. डॉक्टरनं सांगितलं तर ती माहिती होते. लॅबवाल्यानं सांगितलं तर त्याच्या कामाचं वजन सगळ्यांना कळतं.

तिसरा टप्पा: एएसव्ही. सुरुवातीचा डोस दहा व्हायल, म्हणजे औषधाच्या दहा छोट्या बाटल्या. लहान मुलालाही तेवढाच, कारण सापानं सोडलेलं विष वजन बघून कमी होत नाही. पावडर विरघळवताना व्हायल जोरात हलवायची नाही, फेस होतो. हलकेच गोल फिरवायची. दहा व्हायल तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून एकीनं नको, दोघींनी करायचं. अ‍ॅड्रेनॅलिन आधीच सिरिंजमध्ये भरून उशाशी हवं, कारण रिअ‍ॅक्शन कधीही येऊ शकते. कोण भरेल? कोण नाडी आणि रक्तदाब बघत राहील? नातेवाइकांशी कोण बोलेल? प्रत्येक कामासमोर नाव लिहायला लावा. ‘स्टाफ बघेल’ हे उत्तर मान्य करू नका.

चौथा टप्पा: बाईचा आवाज नाकात येऊ लागतो. फिजिओथेरपिस्टला विचारा, श्वासाचे स्नायू थकताहेत हे यंत्राशिवाय कसं ओळखाल? एका श्वासात किती आकडे मोजता येतात, मान उशीवरून उचलता येते का, हे ती सांगेल. हे दर काही मिनिटांनी बघायला सिस्टरला शिकवता येतं आणि आकडा कमी होत गेला की वाट बघायची नाही, हे सगळ्यांचं ठरतं.

पाचवा: कराड किंवा मिरजेकडे रवानगी. रस्त्यात श्वास थांबला तर अँब्यू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी) कोण दाबेल, किती वेळ, पुढच्या रुग्णालयाला फोन कुणी केला, चिठ्ठीत काय लिहिलं? बहुतेक रेफरल चिठ्ठ्यांवर कामाचं फार थोडं लिहिलेलं असतं, हे वाचकांना मी सांगायला नको. गटाला खरी चिठ्ठी लिहायला लावा: किती व्हायल, किती वाजता सुरू, चाचणी किती वाजता, पापण्यांची आणि श्वासाची स्थिती. मग ती चिठ्ठी दुसऱ्या गटाला द्या आणि विचारा, यावरून तुम्ही पुढचे उपचार कराल का?

बोलायची वाक्यं तोंडात बसवा

अमेरिकी नौदलातून रुग्णालयांत आलेली एक पद्धत जगभर वापरली जाते. फोनवर किंवा ड्युटी सोपवताना चार गोष्टी ठरलेल्या क्रमानं सांगायच्या: आत्ता काय चाललंय, मागची हकीकत, मला काय वाटतं, मला तुमच्याकडून काय हवं. इंग्रजी अक्षरं पाठ करून घेण्यात वेळ घालवू नका. मराठीत बोलून दाखवा.

“सर, कॅज्युअल्टीतून सिस्टर बोलतेय. अठ्ठावीस वर्षांची बाई, पापण्या उघडत नाहीत, आवाज बदललाय. रात्री जमिनीवर झोपली होती, चारपासून पोटदुखी, खूण नाही, रक्त गोठतंय. मला मण्यार वाटतोय आणि श्वास दुबळा होतोय. तुम्ही लगेच या, मी एएसव्ही तयार करायला घेते.”

यातली तिसरी गोष्ट पुन्हा वाचा: “मला मण्यार वाटतोय.” आपल्याकडे सिस्टरनं अंदाज सांगायची पद्धत नाही. ‘ते डॉक्टरांचं काम’ म्हणून ती लक्षणं सांगते आणि गप्प राहते. वीस वर्षं कॅज्युअल्टी बघितलेल्या बाईचा अंदाज तसाच वाया जातो. हे वाक्य सरावानंच येतं. प्रत्येकाला उभं करून मोठ्यानं म्हणायला लावा, डॉक्टरांनाही. आणि ऐकणाऱ्यानं काय ऐकलं ते परत म्हणायचं: “दहा व्हायल, आत्ता सुरू, बरोबर?” औषधाच्या डोसबाबत याला पर्याय नाही.

वरिष्ठाला थांबवायची वेळ आली तर तीन पायऱ्या. आधी “सर, मला काळजी वाटतेय.” ऐकलं नाही तर “मला हे ठीक वाटत नाही, एका श्वासात मोजायचा आकडा वीसवरून बारावर आलाय.” तरीही नाही तर “हे पेशंटसाठी धोक्याचं आहे, आपण थांबूया.” यात उद्धटपणा नाही, कारण प्रत्येक वाक्य रुग्णाबद्दल आहे. पण हे शब्द ज्युनिअरला शिकवून भागत नाही. सिनिअरला त्याचं उत्तर शिकवावं लागतं: “बरं झालं सांगितलंत. काय दिसतंय?” सरावात सिनिअर डॉक्टरला मुद्दाम चूक करायला सांगा आणि सिस्टरला, मामांना ती थांबवायला. पहिल्या फेरीत कुणी बोलत नाही. दुसऱ्या फेरीत एखादी बोलते. मग सगळ्यांना धीर येतो.

महागडी सिम्युलेशन लॅब लागत नाही. एक खाट, सलाइन स्टँड, रिकाम्या व्हायल, अँब्यू बॅग आणि रुग्णाचं काम करणारी एखादी आरोग्य सेविका पुरे. जमलं तर खऱ्या कॅज्युअल्टीतच घ्या, दुपारच्या निवांत वेळेत. अ‍ॅड्रेनॅलिनच्या कपाटाला कुलूप असतं हे तिथंच कळतं.

नंतरची चर्चा

प्रसंग दहा मिनिटांचा असेल तर चर्चा वीस मिनिटांची ठेवा. बहुतेक जण वेळ कमी पडला की नेमकी हीच कापतात आणि मग हाती काही उरत नाही. बोलायची सुरुवात पदानं सगळ्यात लहान असलेल्याकडून करा, डॉक्टर शेवटी. आधी काय घडलं ते सांगायचं, मग का, मग पुढच्या वेळी काय वेगळं. ‘तू विसरलास’ अशी वाक्यं सुलभकानं तिथल्या तिथं वळवायची: “व्हायल मोजायचं काम कुणाकडे होतं हे ठरलं होतं का?”

आणि चहा एकत्र. डॉक्टरांचा ड्युटी रूममध्ये, बाकीच्यांचा व्हरांड्यात असं होऊ देऊ नका. मी याबाबत आग्रही आहे.

वर्गाबाहेर न्या

एकदाच घेतलेलं सत्र महिन्याभरात विरून जातं. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना आता कुटुंब दत्तक कार्यक्रमात गावातली घरं दिली जातात. त्याच घरांना नर्सिंगची आणि शक्य झाल्यास फिजिओ-फार्मसीची मुलं जोडून द्या, बरोबर गावची आशाताई. अर्धांगवायू झालेल्या आजोबांच्या घरी चौघं एकत्र गेले तर एकाला रक्तदाब दिसतो, दुसरीला पाठीवरची जखम, तिसऱ्याला दोन वेगळ्या नावांनी चालू असलेली एकच गोळी, चौथीला संडासाकडे जाणारी उंच पायरी. परत आल्यावर एकच अहवाल लिहायचा, चार नाही.

रुग्णालयात आठवड्यातून एक राउंड सगळ्यांची मिळून ठेवा. दहा खाटा पुरेत. प्रत्येक खाटेशी सिस्टर आधी बोलेल असा नियम करा. गावातले खासगी डॉक्टर, त्यात आयुर्वेदाचे पदवीधरही आले, यांना पावसाळ्यापूर्वी एका सत्राला बोलवा. रुग्ण पहिल्यांदा त्यांच्याच दारात जातो.

बदल झाला का, हे कसं बघायचं

सत्रानंतर ‘आवडलं का’ असा फॉर्म भरून घेतला की सगळे आवडलंच म्हणतात. तो भरून घ्या, पण त्यावर विसंबू नका. सत्रापूर्वीची आणि नंतरची काही महिन्यांची नोंदवही उघडा. सर्पदंशाचा रुग्ण दारात आल्यापासून पहिली एएसव्ही सुरू होईपर्यंत किती मिनिटं गेली? किती रेफरल चिठ्ठ्यांवर व्हायलची संख्या आणि वेळ होती? रक्ताची चाचणी नॉर्मल आल्यावर ती पुन्हा केली का? भारत सरकारनं 2024 मध्ये सर्पदंशाविषयी राष्ट्रीय कृती आराखडा आणलाय, त्यामुळे या नोंदी नीट ठेवण्याला आता आणखी कारण आहे. आकडे बघायला सगळ्यांनाच बसवा. फक्त अधीक्षकांच्या टेबलावर गेलेला तक्ता तिथंच राहतो.

विद्यार्थ्यांना गुण द्यायचे असतील तर गटाला मिळून द्या आणि त्यातला काही भाग ‘दुसऱ्या व्यवसायातल्या सदस्यानं दिलेला अभिप्राय’ म्हणून ठेवा. परीक्षेत नसलेलं कुणी मनावर घेत नाही, हे आपल्याकडचं वास्तव आहे.

सुरुवात करायची असेल तर

मार्च-एप्रिलमध्ये तीन व्यवसायांतल्या तीन माणसांना एकत्र बसवा आणि तुमच्याच रुग्णालयातल्या मागच्या पावसाळ्यातल्या एका रुग्णाची, नाव-गाव काढून, केस लिहा. मे महिन्यात दोन सुलभक तयार करा. पहिलं सत्र मृगापूर्वी, दुपारी तीन तास, एकच गट. त्याच दिवशी दुसऱ्या सत्राची तारीख ठरवून ड्युटी रोस्टरवर लिहून टाका, आणि त्या सत्राची सुरुवात लॅब टेक्निशियन किंवा आशाताई करतील हेही तेव्हाच ठरवा.